गंजलेल्या स्टील रिमला घरच्या घरी रंग देताना

चार-पाच पावसाळे पाहिलेल्या गाडीचं व्हील कॅप एकदा काढून बघा. वरचं चंदेरी प्लॅस्टिक ठीकठाक असतं, आणि आत स्टीलची रिम नटांच्या भोवती, कडेला आणि वेल्डिंगच्या सांध्यात तांबूस पडलेली असते. कारखान्यातून येताना या रिमवर रंगाचा चांगला थर असतो. पुढे पाना घसरून, खडी उडून, पंक्चरवाल्याच्या टॉम्या (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या) लागून तो जागोजागी टवकतो. कॅपच्या मागे चिखल साचतो, ओल तिथून हलत नाही आणि गंजाला घर मिळतं. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेमुळे हे सगळं आणखी लवकर होतं.

अशा रिमला घरी रंग देता येतो, आणि नवख्या माणसालाही तो नीट जमतो. मात्र या कामात स्प्रेचा कॅन हातात असण्याचा वेळ फार थोडा. बाकी सगळं धुणं, घासणं, झाकणं आणि वाट पाहणं. ज्याला घासण्याचा कंटाळा आहे त्याने नवे व्हील कॅप आणून लावावेत, कोणी नावं ठेवणार नाही. गंजावर नुसता रंग फवारला तर मात्र पुढच्या पावसाळ्यात तो पापुद्र्यांनी सुटतो.

रिम रंगवण्याजोगी आहे का?

गंज दोन प्रकारचा असतो. एक वरवरचा, तारेच्या ब्रशने खरवडला की खाली स्वच्छ लोखंड दिसतं. दुसरा पोखरणारा, ज्यात पापुद्रे सुटतात आणि खाली खड्डे पडलेले असतात. पहिला घरी निघतो. दुसरा रिमच्या कडेला, म्हणजे टायर जिथे घट्ट बसतो तिथे असेल, तर ट्यूबलेस टायरची हवा तिथून हळूहळू निघते. दर आठ-पंधरा दिवसांनी एकाच चाकाची हवा कमी होत असेल, तर आधी टायरवाल्याकडून टायर उतरवून ती कड बघून घ्या.

खड्ड्यात आपटून वाकलेली रिम आतल्या बाजूने वाकलेली असते, बाहेरून कळत नाही. चाक काढल्यावर मागची कड बोटांनी चाचपा. नटांच्या भोकांपाशी किंवा हवेसाठी ठेवलेल्या मोठ्या भोकांच्या कोपऱ्यात केसासारखी चीर दिसली, तर ती रिम भंगारात. तिला रंग देऊ नका, वेल्डिंग तर मुळीच करू नका. रंगाखाली चीर झाकली जाते, हाच खरा धोका आहे.

केव्हा करावं

हौस असते दसऱ्याची. गाडीला झेंडूचा हार घालायचा तर चाकंही चकचकीत हवीत. पण दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस घुटमळत असतो आणि हवा दमट असते. स्प्रेमधलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका, मेल्यासारखा दिसतो. त्यामुळे दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळचं दव उडून गेलं की सुरुवात करा आणि फवारणी दुपारी चारच्या आत संपवा, म्हणजे संध्याकाळची ओल ओल्या रंगावर बसत नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात उलटी गंमत होते. रंगाचे थेंब रिमवर पोचायच्या आधी हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सावलीत करा, आणि रिमला हात लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा.

आणखी एक. गाडी सर्व्हिसिंगहून आली की टायर काळेभोर चमकत असतात. त्या टायर पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं, आणि रंगाचा त्याच्याइतका वैरी दुसरा नाही. त्याचा जरासा अंश रिमवर राहिला तरी रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल खळगे पडतात. रंगकाम ठरलं असेल तर आधीच्या सर्व्हिसिंगला पॉलिश लावू नका असं बजावून ठेवा.

सामान

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर (८०, १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचे, यातले शेवटचे दोन पाण्याबरोबर चालणारे वॉटर पेपर), भांडी घासायची हिरवी घासणी, कपडे धुण्याची पावडर, थोडं थिनर, धागे न सुटणारी जुनी सुती फडकी, मास्किंग टेप, वर्तमानपत्रं आणि मोठं खोकं. हातात नायट्राइलचे मोजे. तोंडाला रंगकामासाठी मिळणारा, वाफ शोषणारी डबी असलेला मास्क. कापडी मास्कने धूळ अडते, थिनरची वाफ नाही.

स्प्रेच्या कॅनचा हिशेब असा: १३-१४ इंची चार चाकांच्या बाहेरच्या बाजूला साधारण ४०० मिलीचे प्रायमरचे (रंगाला पकड देणारा खालचा थर) दोन, रंगाचे तीन आणि क्लिअरचे (रंगावर द्यायचा पारदर्शक थर) दोन कॅन पुरतात. स्टेपनी आणि मागची बाजूही करायची तर प्रत्येकी एक वाढवा. शेवटच्या चाकाला रंग कमी पडणं फार वाईट, कारण दुसऱ्या कंपनीचा चंदेरी आधीच्या चंदेरीशी जुळेलच असं नाही.

हार्डवेअरच्या दुकानात लोखंडासाठी प्रायमर मागितला की बहुतेकदा रेड ऑक्साइडचा डबा पुढे येतो. तो वाईट नाही, खिडक्यांच्या गजांना छानच. पण तो ऑइल पेंटच्या घराण्यातला. त्यावर लॅकर जातीचा, म्हणजे थिनर उडून झटपट वाळणारा, स्प्रे मारला तर त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि रंग सुरकुततो. म्हणून प्रायमर, रंग आणि क्लिअर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या. त्याच कारणाने रिमवरचा जुना रंगही तपासा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं एका कोपऱ्यात घासा. कारखान्यातला भाजलेला रंग सहसा दाद देत नाही. रंग विरघळला किंवा फुगला तर आधी कोणीतरी वरून ब्रश फिरवलेला आहे, तो पूर्ण काढावा लागेल.

हार्डनर मिसळलेले टू-के प्रकारचे कॅनही मिळतात. ते जास्त टिकतात, पण त्यांच्या फवाऱ्यातली आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतात. ते काम रंगाच्या बूथवाल्यांकडे राहू द्या.

रंग कोणता? पहिल्यांदा करणाऱ्याने काळा सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा, घ्यावा. हाताची चूक तो पोटात घेतो. चंदेरीमध्ये धातूची चूर्णकणी असते, हात कमी-जास्त झाला की पट्टे दिसतात. मॅट काळा दुकानात भारी दिसतो, पण त्यावर आपल्याकडची धूळ जास्तच उठून दिसते.

चाक काढणं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही चाकं काढून गाडी हवेत ठेवायची सोय नसते, आणि तशी गरजही नाही. आधी स्टेपनी रंगवा. हात बसतो, आणि बिघडली तरी ती डिकीत तोंड लपवून बसते. ती वाळली की पहिल्या चाकाच्या जागी लावा, निघालेलं चाक रंगवा, आणि असंच पुढे सरका. स्टेपनी बाकी चाकांच्याच मापाची असेल तरच हे जमतं. काही गाड्यांना बारीक, तात्पुरती स्टेपनी असते, काही नव्यांना ती नसतेच. तिथे एका दिवशी एकच चाक आणि गाडी जागेवर उभी, हा हिशेब.

जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढा, गिअर टाका (ऑटोमॅटिक असेल तर पी), आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा, जॅक त्यानंतर. जॅक लावायची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते, ती सोडून कुठेही लावला तर पत्रा आत जातो. गाडीखाली हात-पाय घालू नका, आणि विटांच्या चळतीवर गाडी टेकवू नका, वीट भाराने फुटते. मधल्या वेळात मोकळं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सरकलाच तर गाडी त्यावर बसेल.

नट निघाले तरी चाक निघत नाही, असं जुन्या गाडीत होतं, कारण रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) गंजाने एकमेकांना धरून बसतात. जॅकवर असलेल्या गाडीला लाथा घालू नका. नट परत बसवा, अर्धा आटा सैल ठेवा, गाडी खाली घ्या आणि अगदी सावकाश फूटभर पुढे-मागे करा. चाक सुटतं.

काढलेल्या चाकावर मागच्या बाजूने खडूने लिहून ठेवा: पुढे डावं, मागे उजवं. कडेला शिशाची किंवा जस्ताची छोटी वजनं ठोकलेली असतील, ती बॅलन्सिंगची असतात. त्यांना हलवू नका. त्यांच्यासकट रंगवलं तरी चालतं. गंजासाठी काढावीच लागली तर शेवटी बॅलन्सिंग करून घ्यायचं.

धुणं आणि घासणं

पुढच्या चाकांवरचा काळपट थर म्हणजे ब्रेकची भुकटी. ती कोरडी झटकू नका, हवेच्या नळीने तर उडवूच नका, नाकात जाते. पाणी मारून भिजवा, मग पावडरच्या पाण्याने रिम, टायरची बाजू आणि मागची बाजू धुवा. डांबराचे ठिपके रॉकेलने निघतात, पण रॉकेल स्वतः तेलकट थर मागे ठेवतं, म्हणून त्यानंतर पुन्हा साबण हवाच. पाणी रिमवर थेंबाथेंबाने न थांबता सपाट पसरलं की समजा तेलकटपणा गेला.

आता तारेचा ब्रश. सुटे पापुद्रे आणि गंज खरवडून काढा. मग ८० किंवा १२० नंबरने गंजाच्या जागा उजळ लोखंड दिसेपर्यंत घासा. नटांच्या भोकांभोवती आणि सांध्याच्या खाचेत बोट पोचत नाही, तिथे पेपर काडीला गुंडाळा. ड्रिलला लावायचा तारेचा कप मिळतो, त्याने काम झटपट होतं, पण डोळ्यांवर चष्मा हवा. त्याच्या तुटलेल्या तारा कशाही उडतात.

खड्ड्यांच्या तळाशी काळा गंज उरतोच. त्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं. ते फक्त उघड्या लोखंडावर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि सांगितलं असेल तसं पुसा किंवा धुवा. गंजावर लावलं की झालं असं समजून घासणं टाळणाऱ्यांचा रंगही टिकत नाही.

नवखा माणूस पुढची पायरी गाळतो. जिथे जुना रंग संपतो आणि लोखंड सुरू होतं तिथे एक छोटी पायरी तयार झालेली असते. प्रायमर ती झाकत नाही, उलट रंगाची चकाकी आली की ती जास्त दिसते. २२० नंबरने ती कड इतकी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवलं तर रंग कुठे संपला ते कळू नये. मग उरलेल्या धडधाकट रंगावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याबरोबर फिरवा, सगळी चमक जाईपर्यंत. चमकत्या जुन्या रंगावर नवा रंग पकड धरत नाही.

खोल ओरखडे असतील तर त्यात गाडीच्या पत्र्याची पुट्टी पातळ भरून घासता येते. कड मात्र पुट्टीने घडवत बसू नका, टायरवाल्याच्या पहिल्याच टॉमीला ती उडते. घासून झालं की धुवा आणि लगेच पुसून उन्हात वाळवा. उघडं लोखंड ओलं राहिलं तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी.

रंग कुठे लागता कामा नये

हे झाकणं केवळ दिसण्यासाठी नसतं. रिमच्या मागचा मधला सपाट भाग हबवर टेकतो, आणि नटाचा उतरता भाग भोकाच्या उतरत्या कडेवर बसतो. या दोन्ही जागी धातूवर धातू बसायला हवा. मध्ये रंगाचा जाड थर राहिला तर गाडी धावू लागल्यावर तो चेपतो, तेवढा नट सैल पडतो, आणि सैल नट म्हणजे काय ते सांगायला नको. मागच्या मधल्या भागावर कागद लावून टेप मारा. नटांच्या भोकांसाठी मुलांच्या गोट्या मागून आणा: चाक आडवं ठेवून प्रत्येक भोकावर एक गोटी ठेवली की ती उतरत्या कडेवर अचूक बसते.

व्हॉल्व्हला टेप गुंडाळा. टायर झाकायला घरात साठलेल्या लग्नपत्रिका कामी येतात. त्यांच्या खेळायच्या पत्त्याएवढ्या पट्ट्या कापून रिमची कड आणि टायर यांच्यातल्या फटीत एकावर एक चढवत गोल लावा. थोडी हवा काढली तर पट्ट्या आणखी खोल जातात. शेवटी सगळा भाग थिनरच्या ओलसर फडक्याने एकदा पुसा, आणि त्यानंतर उघडा हात लावू नका, बोटांचं तेलही पुरतं. गाडी जॅकवरच असेल तर ब्रेकवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. ब्रेकच्या डिस्कला रंगाचा थेंबही नको.

फवारणी

गच्चीवर वारा असतो, बंद गॅरेजमध्ये वाफ कोंडते. मोठ्या खोक्याची एक बाजू कापून आत चाक ठेवलं तर वाऱ्याचा आणि धुळीचा उपद्रव कमी होतो, आणि शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर बारीक ठिपके उठत नाहीत. कॅनमधला वायू पेट घेणारा असतो. आसपास विडी-सिगारेट, उदबत्ती, गॅस काहीही नको.

कॅन आतली गोळी खडखडायला लागल्यापासून किमान दोन मिनिटं हलवा, आणि मध्ये मध्ये पुन्हा. नाशिक-महाबळेश्वरकडच्या थंड सकाळी फवारा थुंकल्यासारखा येत असेल तर कॅन काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गरम पाण्यात नाही, तो फुटू शकतो.

रिमपासून अंतर २० ते ३० सेंटिमीटर. बटण रिमच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत नेत पलीकडे जाऊन सोडायचं. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. सुरुवात समोरून न करता हवेच्या भोकांच्या आतल्या कडांपासून करा. समोरचा भाग आधी केला तर कडा करताना त्यावर दुसरा जाड थर बसतो आणि ओघळ येतात. प्रत्येक हातानंतर चाक पाव फेरी फिरवा, म्हणजे एकाच बाजूने सावली राहत नाही.

प्रायमरचा पहिला हात इतका झिरझिरीत द्या की खालचं लोखंड दिसत राहावं. त्याच हातात सगळं झाकायचा मोह होतो, तो आवरा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग हवा तर तिसरा. पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर हलकेच फिरवा, पुसा, वाळवा. लोखंड पुन्हा उघडं पडलं तर तिथे प्रायमरचा आणखी एक हात.

रंगाचे तीन-चार पातळ हात, तेवढ्याच अंतराने. चंदेरी असेल तर त्यावर क्लिअरचे दोन-तीन हात हवेतच, काळ्या सॅटिनला त्याच जातीचा सॅटिन क्लिअर असेल तर द्या. किती वेळाने पुढचा हात, हे कॅनवर वाचा. काही रंगांवर तासाभराच्या आत किंवा मग एक-दोन दिवसांनीच पुढचा हात देता येतो. मधल्या काळात दिला तर खालचा अर्धवट थर सुरकुततो. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या, ४०० ने सपाट करा आणि तेवढ्यावर पुन्हा पातळ हात मारा.

टेप आणि लग्नपत्रिका शेवटचा हात किंचित ओलसर असतानाच, कडेपासून लांब ओढत काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कडेचा रंगही पापुद्र्यासह निघतो.

बसवताना

हाताला कोरडं लागणं वेगळं आणि रंग पक्का होणं वेगळं. किमान चोवीस तास चाक तसंच ठेवा. वाट पाहण्याच्या वेळात नटांचा गंज तारेच्या ब्रशने काढा. नट रंगवू नका, फार खराब असतील तर नवे घ्या. बसवण्याआधी हबच्या तोंडावरचा गंजही घासून काढा आणि मागच्या बाजूला, भोकांच्या कडेला चुकून गेलेला रंग खरवडा.

नट हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, मग एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळत जा आणि शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर. बळ किती ते मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं. टॉर्क पाना नसेल तर हवा भरायच्या निमित्ताने ज्यांच्याकडे तो आहे त्या टायरवाल्याकडून तपासून घ्या. पान्यावर उभं राहून नाचणं आणि हवेच्या गनने धडधडवणं, दोन्ही नको. पहिल्यात बोल्ट ताणला जातो, दुसऱ्यात वर भोकांजवळचा नवा रंगही टवकतो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर सगळे नट एकदा पुन्हा तपासा. कमी केलेली हवा भरायला विसरू नका.

पहिला आठवडाभर प्रेशरने धुणं आणि टायर पॉलिश, दोन्ही बंद.

अलॉय असेल तर

अलॉयला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमला, गंज येत नाही, पण क्लिअरच्या खाली पांढरी बुरशीसारखी रेघ पसरते. पद्धत साधारण हीच, फक्त प्रायमर ॲल्युमिनियमसाठीचा, एचिंग प्रकारचा हवा, आणि तारेचा लोखंडी ब्रश वापरायचा नाही. आतल्या बाजूला चिकटवलेल्या वजनांना धक्का लावू नका. ज्यांच्या तोंडावर यंत्राने कातलेल्या चकचकीत रेघा असतात ते डायमंड कट अलॉय घरी पूर्वीसारखे करता येत नाहीत. त्यांना एक तर पूर्ण एका रंगात रंगवायचं, नाहीतर लेथवाल्याकडे द्यायचं.

प्लॅस्टिकचे व्हील कॅपही याच कॅनने रंगवता येतात, मात्र आधी प्लॅस्टिक प्रायमरचा एक हात हवा. रिम नीट झाली असेल तर ते परत लावायचे की माळ्यावर टाकायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. लावलेच तर दर पावसाळ्यानंतर एकदा काढून मागचा चिखल धुवा, आणि उरलेला कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारून ठेवा, म्हणजे पान्याने टवकलेली जागा बुजवायला तो चालू राहील.